दस्ता आणि दुर्बीण

गेल्या खंडेनवमीस आम्ही चऱ्होलीस धाकट्या बहिणीच्या घरीं होतों. चऱ्होली बुद्रुक हें इंद्रायणीकांठचें जुनें गांव. पलतीरावर चऱ्होली खुर्द, आणि थोड्याच अंतरावर आळंदी. १९९७ सालीं हें गांव पिंपरी-चिंचवड महापालिकेंत गेलें, आणि तेव्हांपासून जोंधळ्याच्या शेतांत इमारती उगवूं लागल्या. तरी ज्या घरांत अजून खंडेनवमीस हत्यारें मांडून पुजतात, त्यांपैकीं बहिणीचें सासर एक आहे. चौरंगावर विळा होता, खुरपें होतें, तिच्या सासऱ्यांची कुऱ्हाड होती, मेहुण्यांनीं भोसरीच्या कारखान्यांतून आणलेलें मापयंत्र होतें, भाचीचा संगणकही होता. झेंडूचीं फुलें सगळ्यांस सारखीं वाटलीं गेलीं होतीं. भाच्यानें आपली बावीस बोअरची रायफल आणून घोंगडीवर ठेवली, तोंच बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या, "तें जनावर माझ्या पूजेंत नको. माळ आहे माझ्या गळ्यांत."

सगळे आमच्याकडे पाहूं लागले. प्राध्यापकानें अशा वेळीं कांहीं तरी बोलावें अशी घरोघर समजूत असते. परंतु भाच्यानें आम्हांस त्या संकटांतून सोडविलें. त्यानें रायफलीच्या दस्त्यावरचा, गाल टेकण्यासाठीं बसविलेला सागवानी तुकडा दोन स्क्रू काढून वेगळा केला, तो कुऱ्हाडीशेजारीं ठेवला, आणि म्हणाला, "आजी, हें तर नुसतें लांकूड आहे." म्हातारीनें क्षणभर विचार केला आणि लांकडास कुंकू लावलें. रायफल मात्र पुन्हा कुलुपांत गेली.

तो लांकडाचा तुकडा रायफलीचा कीं भाच्याचा, हा प्रश्न तेव्हांपासून आमच्या मनांत घर करून बसला आहे. त्या तुकड्यामागें आमच्या हातून घडलेली एक चूक आहे, आणि ती सांगितल्यावांचून हा लेख लिहितां यावयाचा नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं भाचा बावीस वर्षांचा होता. परवाना काढून त्यानें कोणा निवृत्त नेमबाजाची जुनी रायफल घेतली होती. नळी उत्तम होती; दस्ता मात्र पहिल्या धन्याच्या अंगाचा. तो गृहस्थ आखूड मानेचा व रुंद खांद्याचा असावा. आमच्या घराण्याच्या माना लांब आणि खांदे उतरते. भाच्याला वरखालीं, मागेंपुढें होणारा नव्या तऱ्हेचा ॲल्युमिनियमचा दस्ता परदेशांतून मागवावयाचा होता. त्याची किंमत ऐकून मेहुणे गप्प बसले. बहिणीनें पाटल्या काढून देण्याची तयारी दाखविली आणि आम्हांस निरोप धाडला, "दादा, तुम्ही सांगाल तसें."

आम्हीं जें सांगितलें तें आज आठवलें कीं संकोच वाटतो. नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण आम्हीं प्रथम ऐकविली. मग एकलव्याची कथा. त्याला कोणी दस्ता मागवून दिला होता? मातीच्या पुतळ्यापुढें उभें राहून त्यानें विद्या मिळविली. साधन हें बाह्य, साधना ही आंतर; बाह्याच्या मागें लागलेला आंतर गमावतो, इत्यादि. आमच्या वर्गांत असें बोललों असतों तर मुलांनीं तें वहींत उतरून घेतलें असतें. भाच्यानें शेवटपर्यंत ऐकून घेतलें आणि "बरें, मामा" एवढेंच म्हटलें. पाटल्या बहिणीच्या हातांत राहिल्या, आणि आपण एका संसाराचें व एका तरुणाच्या चारित्र्याचें रक्षण केलें अशा समाधानांत आम्ही पुण्यास परतलों.

ज्या वस्तूविषयीं आम्ही इतक्या अधिकारानें बोललों होतों, ती कशी चालते हें आम्हांस त्या दिवशीं मुळींच ठाऊक नव्हतें. पुढें कळलें तें असें. बावीस बोअरच्या काडतुसाला रिमफायर म्हणतात, कारण पेट घेणारें द्रव्य त्याच्या बुडाच्या पोकळ कडेंत भरलेलें असतें. घोडा त्या कडेवर आदळून ती चेपतो आणि बार उडतो. ही युक्ति एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास निघाली, आणि आज जगभर चालतें तें 'लाँग रायफल' नांवाचें काडतूस १८८७ चें आहे. त्याची अडीच ग्रॅमहून किंचित जड अशी शिशाची गोळी ध्वनीच्या वेगाच्या थोडी अलीकडे राहून धांवते. पन्नास मीटर जावयास तिला सुमारें एक षष्ठांश सेकंद लागतो आणि तेवढ्यांत ती वीतभराच्या आंत, म्हणजे बाराएक सेंटिमीटर खालीं येते. लक्ष्यावरचें दहा गुणांचें वर्तुळ १०.४ मिलिमीटर रुंद, म्हणजे टपोऱ्या वाटाण्याएवढें. त्याच्या आंत पांच मिलिमीटरचें आणखी एक, जोंधळ्याच्या दाण्याहून किंचित मोठें. गोळी स्वतःच ५.६ मिलिमीटरची. म्हणजे पन्नास मीटरांवरच्या वाटाण्यांत जोंधळ्याचा दाणा मारावयाचा, आणि तोही उभें राहून, गुडघ्यावर बसून व पालथें पडून, तिन्ही आसनांत.

हें स्नायूंच्या बळावर होत नाहीं. स्नायु थकतो आणि थकला कीं कांपतो. म्हणून नेमबाज सगळा भार हाडांवर घेतो. कोपर कंबरेच्या हाडावर, दस्ता खांद्याच्या खळग्यांत, गाल दस्त्यावर. मग डोळे मिटून श्वास सोडावयाचा आणि डोळे उघडून नळी कोठें पाहते आहे तें बघावयाचें. ती लक्ष्याकडे पाहत असेल तर आसन साधलें. बाजूला पाहत असेल तर हातानें ओढून तिकडे न्यावयाची नाहीं. सगळें शरीरच हलवून पुन्हा मांडावयाचें. येथें दस्त्याचें काम एकच. प्रत्येक वेळीं गाल, खांदा आणि डोळा त्याच जागीं परत यावा एवढेंच तो पाहतो. तो नेम धरीत नाहीं. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं दोरा सरकवून जवारी लावतात, तेव्हां तंबोरा गाऊं लागत नाहीं. गवयाला आपला स्वर बरोबर आहे कीं नाहीं हें कळूं लागतें इतकेंच. पण जवारी बिघडलेल्या तंबोऱ्यावर कोणी शिष्याला दोन वर्षें बसविलें आणि वर साधनेचें प्रवचन दिलें, तर त्या गुरूला काय म्हणावें?

भाच्यानें दुसऱ्याच्या मापाच्या दस्त्याला आपली मान वांकवून घेतली. गाल पोंचेना म्हणून मान पुढें व तिरपी. मान तिरपी म्हणून खांदा उचललेला. खांदा उचललेला म्हणून कंबर पिळलेली. रोज पहाटे चऱ्होलीहून बालेवाडीस, १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठीं उभारलेल्या क्रीडानगरींतल्या चांदमारीवर, तो दोन-दोन तास असा उभा राहत होता. गुण एका आंकड्यावर येऊन थांबले ते हलेनात. तो स्वतःला दोष देऊं लागला. आपण भित्रे आहों, आपलें चित्त एकाग्र होत नाहीं, असें त्यानें ठरविलें. पहाटे ध्यान करूं लागला, रात्रीचें जेवण सोडलें. दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यांत त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या येऊं लागल्या. डॉक्टरांनीं मानेचें चित्र काढलें आणि सहा महिने रायफल उचलूं नये म्हणून सांगितलें. शिकविणाऱ्या बाईंनीं आम्हांस फक्त एक प्रश्न विचारला, "सर, तो तुमच्याकडे आला तेव्हां त्याला उभें राहून दाखव म्हणालां होतां का?"

म्हटलें नव्हतें. आमच्यापुढें प्रश्न आला होता तो मानेचा, आणि आम्हीं उत्तर दिलें तृष्णेचें.

एकलव्याची कथाही आम्हीं नीट वाचली नव्हती असें आतां वाटतें. गुरु मातीचा होता; धनुष्य मातीचें नव्हतें. तें दुसऱ्याच्या मापाचें होतें असें व्यासांनीं कोठेंही म्हटलेलें नाहीं. उलट त्या कथेचा सगळा दाह, अंगठा आणि प्रत्यंचा यांचा मेळ तुटला कीं विद्या तुटते, या एका गोष्टीवर उभा आहे. अंगठा गेल्यावरही तो बोटांनीं बाण सोडीत राहिला, पण पहिली चपळाई राहिली नाहीं. साधन आणि शरीर यांचा सांधा कोठें असतो हें द्रोणाचार्यांना पुरतें ठाऊक होतें, म्हणून त्यांनीं नेमका तोच मागून घेतला. आम्हीं भाच्याचा अंगठा मागितला नाहीं, मान घेतली.

तथापि एका चुकीचा पश्चात्ताप म्हणून दुसरीकडे झुकणें हेंही बरें नव्हे. साधनाचा लोभ खराच असतो, आणि बावीस बोअरच्या रायफलीच्या बाबतींत तो अमेरिकेंत जितका फोफावला आहे तितका क्वचितच दुसरीकडे आढळेल. तिकडे १९६४ सालीं रुगर कंपनीनें '१०/२२' नांवाची साधी, स्वस्त रायफल काढली. तिचे भाग सहज सुटे होतात, आणि म्हणून दुसऱ्याच कारखान्यांनीं तिच्यासाठीं निरनिराळे दस्ते, नळ्या, चाप, दुर्बिणी विकण्याचा मोठा व्यापार मांडला. मनुष्य प्रथम दुर्बीण घेतो. दुर्बीण नळीच्या वर बसते, म्हणून डोळा वर न्यावा लागतो; डोळा वर गेला कीं गाल दस्त्यावरून सुटतो; म्हणून उंच दस्ता येतो. दस्ता नवा आला कीं जुनी नळी त्यांत विजोड दिसते. असें करतां करतां मूळ वस्तूचा एक पोलादी सांगाडा तेवढा शिल्लक राहतो, आणि मालक अभिमानानें म्हणतो कीं ही माझी पहिली रायफल. बहिणीच्या सासऱ्यांच्या कुऱ्हाडीचें असेंच आहे. तिचा दांडा तीनदां आणि पातें एकदां बदललें, तरी ती आजोबांचीच. फरक एवढाच, कीं दांडा मोडला म्हणून बदलला होता.

आम्हांस हंसण्याचा अधिकार थोडा आहे. आमच्या टेबलावर सोनेरी निबाचीं तीन फाऊंटन पेनें आहेत, आणि ज्या निबंधासाठीं तिसरें घेतलें तो निबंध अजून लिहून व्हावयाचा आहे. साधन सुधारीत असतांना मनुष्याला आपण कामच करीत आहों असा भास होतो, हा या लोभाचा विशेष. दारूचें व्यसन निदान काम म्हणून मिरवीत नाहीं.

मग सीमा कोठें घालावयाची? दस्ता चालेल, दुर्बीण चालणार नाहीं, असें ऑलिंपिकमधील नियम म्हणतात. पन्नास मीटर रायफलीच्या स्पर्धेंत दस्ता हवा तसा जुळवून घेतां येतो, खांद्याशीं आंकडा लावतां येतो, फक्त सगळ्या रायफलीचें वजन आठ किलोंच्या वर जातां कामा नये. पण नेम धरण्यासाठीं डोळ्याशीं एक सूक्ष्म छिद्र आणि पुढें एक कडें, एवढेंच. प्रथम हा भेद आम्हांस फार मार्मिक वाटला. दस्ता आपल्याजवळ आहे त्याला आधार देतो. दुर्बीण आपल्याजवळ नाहीं तें आणून देते. पहिली सोय, दुसरी भर. व्याख्यानासाठीं असे भेद फार उपयोगी पडतात.

परंतु तो टिकत नाहीं. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं आम्ही चष्म्याशिवाय हा कागदही वाचूं शकत नाहीं, आणि आमची विद्या चष्म्याची आहे असें अद्याप कोणी म्हटलेलें नाहीं. शिवाय तें सूक्ष्म छिद्र तरी काय आहे? बारीक छिद्रांतून पाहिलें कीं जवळचें व दूरचें एकदम स्पष्ट दिसूं लागतें. नुसत्या डोळ्याला हें साधत नाहीं. म्हणजे भर तेथेंही आहेच. उलट दुर्बीण कांहीं काढूनही घेते. एका स्नेह्याच्या रायफलीवर दुर्बीण बसविलेली होती, तिच्यांतून आम्हीं चांदमारीवर एकदां नुसतें पाहिलें. लक्ष्य हाताशीं आलें खरें, पण त्यावरची काळी फुली वेड्यासारखी नाचूं लागली. आमचा हात इतका थरथरतो हें आम्हांस त्या दिवशीं प्रथम समजलें. नवशिका माणूस त्या नाचास भितो, फुली मध्यावर येण्याची संधि साधून चाप हिसकतो, आणि गोळी भलतीकडे जाते. दुर्बीण लक्ष्य मोठें करते आणि त्याबरोबर पाहणाऱ्याचा दोषही तितकाच मोठा करते. बाकावर रायफल टेकवून, उत्तम दुर्बिणीनें नेम धरण्याच्या स्पर्धाही जगांत भरतात. तेथें हाताचा कंप जवळजवळ नाहींसा झालेला असतो. उरतो तो वारा. लहान झेंड्या लावून त्यांच्या फडफडण्यावरून पन्नास मीटरांतला वारा वाचावयाचा, हीच तेथली विद्या, आणि ती सोपी नाहीं. म्हणजे यंत्रानें मनुष्याचें एक काम घेतलें तेव्हां मनुष्य तेथून नाहींसा झाला नाहीं; तो पुढच्या कामावर जाऊन उभा राहिला.

तेव्हां नियमाची ती रेघ निसर्गानें आंखलेली नाहीं, हें आम्हीं कबूल केलें. ती खेळणाऱ्यांनीं एकमेकांस दिलेल्या शब्दाची रेघ आहे. शब्द दिला म्हणून पाळावयाचा. तो दुसऱ्या रीतीनें देतां आला असता, म्हणून त्याचें बंधन कमी होत नाहीं. विवाहाचे विधि निरनिराळ्या जातींत निरनिराळे असतात, म्हणून कोणी आपलें लग्न कमी झालें असें मानीत नाहीं.

हें झालें स्पर्धेपुरतें. पण ज्यासाठीं आम्हीं एकलव्य सांगितला तो मूळ प्रश्न राहतोच. चांगल्या साधनानें मारलेला नेम कोणाचा? येथें पुराणांतल्या दुसऱ्या धनुर्धराची आठवण होते. खांडववनाच्या वेळीं अर्जुनाला गांडीव मिळालें आणि त्यानें सगळें युद्ध जिंकलें. मग यादवांच्या नाशानंतर तोच अर्जुन तेंच गांडीव घेऊन द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघाला असतां आभीरांनीं काठ्या घेऊन वाट अडविली, आणि त्याला धनुष्याची दोरी चढवितां चढवितां नाकीं नऊ आले. मौसलपर्वांतला तो प्रसंग वाचतांना आमच्या मनास नेहमीं चटका बसतो. धनुष्य तेंच, हात तेच. मग पूर्वीचे नेम कोणाचे होते? धनुष्याचे म्हणावे तर तें तेथेंच होतें. अर्जुनाचे म्हणावे तर तोही तेथेंच होता.

याच्या उलट बाजूची एक अगदीं अलीकडची हकीकत आहे. मॅथ्यू एमन्स या अमेरिकन नेमबाजाची रायफल २००४ च्या ऑलिंपिकपूर्वीं, निवडीच्या सुमारास कोणी तरी मुद्दाम बिघडवून ठेविली. नेमबाजाला स्वतःची रायफल म्हणजे काय, हें वर सांगितलेंच आहे. त्यानें एका सहकारी नेमबाज स्त्रीची रायफल मागून घेतली आणि अथेन्सला पालथें पडून मारावयाच्या स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें. आमच्या पूर्वीच्या प्रवचनाला हा केवढा मोठा दाखला! पण दोनच दिवसांनीं तिन्ही आसनांच्या स्पर्धेंत तो पुढें असतांना त्यानें शेवटची गोळी शेजारच्या गड्याच्या लक्ष्यावर मारली. गुण शून्य, सुवर्णाच्या जागेवरून तो आठव्या स्थानावर गेला. त्याचा दोष त्यानें रायफलीवर टाकला नाहीं, टाकतांही आला नसता.

येथें आम्हांस एक धागा सांपडला असें वाटतें. श्रेय कोणाचें हें विचारूं लागलें कीं उत्तर संपत नाहीं. स्थिर हात जन्मतः मिळतो, सावकाश ठोके देणारें हृदय जन्मतः मिळतें. कर्णाचीं कवचकुंडलें त्यानें कोठें कमावलीं होतीं? आईबापांनीं शिकविलें, बाईंनीं वळण लावलें, कोणी परवान्यासाठीं खेटे घातले. मिळालेलें सगळें वजा केलें तर 'आपलें' म्हणावयास कांहीं उरेल असें आम्हांस वाटत नाहीं. पण चूक कोणाची हें विचारलें तर उत्तर कांहीं वेळां निश्चित मिळतें. निदान मिळूं शकतें, मात्र एका अटीवर: साधन अंगास बसलेलें असलें पाहिजे. अंगास न बसलेल्या दस्त्यावर झालेली चूक ना मुलाची म्हणतां येते, ना दस्त्याची. भाच्यानें दोन वर्षें स्वतःच्या चित्तावर जो आळ घेतला तो खोटा होता, आणि त्यांतले जे दोष खरोखर त्याचे होते ते त्याला दिसलेच नाहींत. आम्ही त्याची एक सोय नाकारीत आहों अशा समजुतींत होतों. नाकारला होता तो स्वतःच्या चुका स्वतःच्या म्हणून ओळखण्याचा मार्ग.

पैशाचा प्रश्न मात्र यानें सुटत नाहीं, आणि तो सुटला असें आम्ही भासवूं इच्छीत नाहीं. उत्तम रायफली जर्मनींतून, स्वित्झर्लंडांतून येतात. आन्शुट्झचा कारखाना १८५६ पासून हेंच करीत आला आहे. काडतुसें सुद्धां एकाच नांवाच्या पेट्यांतलीं सारखीं नसतात. अमुक नळीला अमुक घाण्यांतलेंच काडतूस मानवतें, म्हणून ज्यांना परवडतें ते कारखान्यांत जाऊन घाणे तपासून घेतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्यूनिकला पालथें पडून साठ गोळ्यांत ५९७ गुण मिळवून जगज्जेतेपद घेतलें. कोल्हापूर जिल्ह्यांतल्याच कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसला तिन्ही आसनांच्या स्पर्धेंत ४५१.४ गुणांनीं कांस्यपदक आणलें. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर बहात्तर वर्षांनीं महाराष्ट्राच्या घरीं आलेलें तें वैयक्तिक पदक. या दोघांचीं नांवें घेऊन, पाहा, गरिबी आडवी येत नाहीं, असें म्हणण्याची आपल्याकडे फार हौस आहे. जे पोंचले त्यांना मोजून हें म्हणतां येतें. ज्यांची मान वांकडी होऊन ते घरीं बसले, त्यांची यादी कोणी ठेवीत नाहीं. आमच्या भाच्याचें नांव त्या न ठेवलेल्या यादींत आमच्याच हातानें चढावयाचें होतें.

आतां सागवानी तुकड्याविषयीं. बहिणीच्या पाटल्या आम्हांस मोडावयाच्या नव्हत्या, आणि आमच्या खिशांतून सगळी रक्कम देण्याची ऐपतही नव्हती. मेहुणे भोसरीस तीस वर्षें लेथवर काम करीत आले आहेत. एके दिवशीं त्यांनीं मुलाला रायफल धरून उभें केलें, डोळे मिटावयास सांगितले, आणि मान ताठ, सरळ असतांना गाल व दस्ता यांमध्यें किती पोकळी राहते ती मापयंत्रानें मोजली. एकतीस मिलिमीटर भरली. दोन वर्षें आम्ही ज्या प्रश्नावर तत्त्वज्ञान सांगत होतों, त्याचें उत्तर एकतीस मिलिमीटर होतें. नळी आणि चाप यांस त्यांनीं हात लावला नाहीं. परवान्याशिवाय बंदुकीच्या यंत्रांत फेरफार करणें कायद्यानें वर्ज्य आहे, आणि तें योग्यच आहे. त्यांनीं फक्त गालाखालचा तुकडा आणि खांद्याची पट्टी केली. तुकडा गांवच्या सुतारानें आजोबांच्या जुन्या पाभरीच्या लांकडांतून काढून दिला. बाईंनीं तपासून हरकत नाहीं म्हटलें. परदेशी दस्त्याइतकें तें कांहीं उत्तम नव्हे, असें भाचा स्पष्ट सांगतो. थंडींत लांकूड किंचित हलतें. पण मान सरळ झाली. आज त्याच्या वहींत प्रत्येक गोळीपुढें कारण लिहिलेलें असतें, आणि कोणत्याही पानावर 'एकाग्रता नाहीं' हे शब्द आम्हांस आढळले नाहींत. 'श्वास लवकर सोडला', 'वारा बदलला तो पाहिला नाहीं', 'घाई', असें असतें. गुण वाढले आहेत. पदक अद्याप नाहीं.

त्या म्हातारीच्या बोलण्यावर मात्र आमच्याजवळ पुरतें उत्तर नाहीं. स्पर्धेची रायफल दिसावयास जमीन मोजण्याच्या यंत्रासारखी असते. नाना स्क्रू, पट्ट्या, आंकडे यांनीं तिचें मूळ रूप इतकें झांकून जातें, कीं हातांत घेणाऱ्याला आपण शस्त्र धरलें आहे याचा विसर पडावा. कागदावर मारली तरी गोळी ती गोळीच. दूरवर जिवंत प्राण्याला ती मारूं शकते. साधन जितकें अंगास बसतें तितका त्याचा परकेपणा जातो, आणि शस्त्राच्या बाबतींत थोडा परकेपणा राहिलेला बरा, असें त्या माळकरी बाईंना वाटत असेल तर त्यांना अडाणी म्हणण्याची आमची तयारी नाहीं. भाच्यानें पूजेसाठीं जें वेगळें काढलें तें त्याच्या मापाचें होतें, आणि जें कुलुपांत ठेवलें तें शस्त्र होतें. ही विभागणी त्यानें विचारानें केली कीं आजीची समजूत काढण्यासाठीं, हें आम्हीं त्याला विचारलें नाहीं.

गेल्या आठवड्यांत तो पुण्यास आमच्याकडे आला होता. चहा झाल्यावर त्यानें एक छापील पुस्तिका काढली आणि डोळ्याशीं बसविण्याच्या नव्या छिद्रदर्शकाचें चित्र दाखविलें. जुना चांगला आहे, पण ह्याचे टप्पे अधिक बारीक आहेत, असें म्हणाला. आम्हीं त्याला उठून उभें राहावयास सांगितलें. रायफल नव्हती, म्हणून दिवाणखान्यांतली छत्री हातांत दिली. तो उभा राहिला. मान सरळ होती. आम्हीं विचारलें, "कोठें दुखतें का?" तो हंसला आणि म्हणाला, "नाहीं, मामा." मग थोडा वेळ ती पुस्तिका दोघांच्यामध्यें टेबलावर, आमच्या तीन पेनांशेजारीं, तशीच उघडी पडून राहिली.